गांजातल्या टर्पीनचा खरंच औषधी उपयोग होतो का?

गांजातल्या टर्पीनमुळे, म्हणजे त्याला वास देणाऱ्या द्रव्यांमुळे, नशा न होता चिंता आणि सांधेदुखी कमी होते का, आणि ऑनलाइन मिळणारी टर्पीनची बाटली वडिलांच्या गुडघ्यांसाठी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. बाटलीचं आधी सांगतो: घेऊ नका.

मी मसाले आणि सुगंधी तेलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे तेलातली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या यंत्राला, लवंगेचं तेल लावलं की पडद्यावर आधी युजेनॉलचं भलंमोठं पीक (आलेखातलं शिखर) येतं आणि त्याच्या पाठोपाठ एक बुटकं पीक डोकं वर काढतं. ते बीटा-कॅरिओफिलीन, एक टर्पीन. मिऱ्याच्या तेलात ते भरपूर असतं, आणि गांजाच्या फुलात जे असतं तेही हेच. रेणू एकच, झाड कुठलंही असो. लिमोनीन संत्र्याच्या सालीत, लिनालूल लॅव्हेंडरमध्ये आणि आपल्या धन्यांत, पायनीन चीडच्या झाडात. म्हणजे ‘गांजातले टर्पीन’ हे गांजाची मक्तेदारी नाहीत. तुमच्या मिसळणाच्या डब्यात त्यातले दोन-तीन बसलेलेच आहेत.

आता गुण. सगळ्यांत भक्कम गोष्ट कॅरिओफिलीनची आहे. आपल्या शरीरात गांजातली द्रव्यं ज्यांना जाऊन चिकटतात असे पेशींवरचे दोन मुख्य ग्राही (रिसेप्टर) आहेत, सीबी-1 आणि सीबी-2. नशा होते ती मेंदूतल्या सीबी-1 मुळे. सीबी-2 मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतात. कॅरिओफिलीन सीबी-2 ला चिकटतं, सीबी-1 च्या वाटेला जात नाही, हे 2008 साली युरोपातल्या संशोधकांनी दाखवलं. उंदरांना ते तोंडाने दिल्यावर पायाची सूज उतरली. ज्या उंदरांत सीबी-2 नव्हतेच त्यांच्यात उतरली नाही. प्रयोग सुरेख आहे, पण उंदरांवरचा आहे. माणसाच्या गुडघ्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही.

चिंतेबाबत माणसांवरचा पुरावा थोडा आहे, आणि तो नीट वाचला पाहिजे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 20 निरोगी माणसांना टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, कधी नुसतं तर कधी लिमोनीनसोबत वाफेतून दिलं. 30 मिलिग्रॅम टीएचसीसोबत 15 मिलिग्रॅम लिमोनीन दिल्यावर धास्ती आणि संशयीपणा कमी जाणवला. पण नुसतं लिमोनीन दिलं तेव्हा ते प्लासिबोसारखंच, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या मात्रेसारखंच, निघालं! म्हणजे गांजाने लागलेली धास्ती जरा सौम्य झाली, एवढंच. रोजच्या चिंतेवर लिमोनीन चालतं, असा अर्थ यातून काढता येत नाही. लिनालूलचं म्हणाल तर जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल आहे. तिच्या प्लासिबोशी तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्यात, चिंता कमी झाल्याचंही दिसलंय. त्याचं श्रेय मात्र लॅव्हेंडरचं, गांजाचं नाही.

मिर्सीन या टर्पीनने गाढ झोप लागते म्हणे, आणि ते आंब्यात असतं म्हणून आधी आंबा खायचा म्हणे. झोपेचा दावा मुख्यतः प्राण्यांना भरपूर मात्रा देऊन केलेल्या प्रयोगांवर उभा आहे. शिवाय पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसचा वास तपासला तेव्हा त्यात वरचढ निघालं ते ओसिमीन हे दुसरंच टर्पीन. तेव्हा हापूस चवीसाठी खा.

सगळे टर्पीन एकत्र आले की गांजाचा परिणाम वाढतो, या कल्पनेवरही एकमत नाही. ऑस्ट्रेलियात 2019 साली पेशींवर केलेल्या प्रयोगात नेहमीच्या टर्पीनचा सीबी-1 आणि सीबी-2 वर काही परिणाम दिसला नाही. 2021 साली अमेरिकेतल्या उंदरांवरच्या प्रयोगात मात्र दिसला.

बाटलीला नाही म्हणतो ते अशासाठी. त्यातले टर्पीन बहुतेक वेळा संत्रं, लवंग, चीड यांतूनच काढून मिसळलेले असतात. गांजाचं नाव भाव वाढवायला. ते शुद्ध, तीव्र द्रव्य असतं. सुक्या फुलात टर्पीन साधारण 1 ते 3 टक्के, इथे जवळजवळ शंभर. तसंच घेतलं तर तोंड आणि घसा पोळतो, ठसका लागून फुप्फुसात गेलं तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. फार तापवून ओढलं तर त्यातून मेथाक्रोलीन आणि बेंझीन तयार होतात, हे पोर्टलंडच्या संशोधकांनी 2017 साली दाखवलंय. गुडघ्याला चोळायचं म्हणाल तर उघड्या बाटलीतलं लिमोनीन आणि लिनालूल हवेने बदलतं आणि त्याची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. (आमच्याकडे अशा शिळ्या नमुन्यांत नको ती पिकं उगवलेली दिसतात.)

वडिलांचे गुडघे झिजेमुळे दुखत असतील तर मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, जास्त असेल तर वजन कमी करणं आणि डायक्लोफिनॅकचं लावायचं जेल, यांना टर्पीनपेक्षा कितीतरी चांगला पुरावा आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर जेलही डॉक्टरांना विचारूनच लावा. आणि व्यायाम आधी फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर करून घ्या, व्हिडिओ बघून नको.