व्हीए असताना मेडिकेअरचा पार्ट बी घ्यावा का? घ्या, आणि मेहुण्याला विचारू नका

व्हीए म्हणजे अमेरिकेतलं माजी सैनिकांचं सरकारी खातं, त्याचे स्वतःचे दवाखाने असतात. मेडिकेअर म्हणजे तिथला ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा, आणि अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे तोच विमा खासगी कंपनीमार्फत. प्रश्न असा आहे: ‘माझे मिस्टर अमेरिकेच्या नौदलात चार वर्षं होते. येत्या मार्चमध्ये ६५ पूर्ण होतील. व्हीएचं कार्ड आहे, औषधं तिथूनच येतात. तरी मेडिकेअरचा पार्ट बी घ्यावा का? अ‍ॅडव्हान्टेजचा कुठला प्लॅन बरा? वर्षातले चार-पाच महिने पुण्यात राहायचा विचार आहे.’

घ्या, ताई. पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलात भरती झाल्यावरचा, घ्याच, बहुतेकांना त्याचा हप्ता पडत नाही. पण पार्ट बीसुद्धा, म्हणजे डॉक्टरांचा आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांचा, घ्या, आणि मार्च उजाडायच्या आधी घ्या. मुदत सात महिन्यांची असते: वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन, तो महिना आणि नंतरचे तीन. म्हणजे तुम्हाला डिसेंबर ते जून. एवढ्यानं काम झालं असेल तर इथंच थांबा. पुढचं मी निम्मं माझ्या मेहुण्यासाठी लिहितोय. तो हे वाचणार, मला माहीत आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत. माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मी मात्र ग्रीन कार्डावर १९८३ साली अमेरिकेच्या आर्मीत भरती झालो, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. बरोबरची पोरं अठरा-एकोणीसची, मला ‘ग्रँडपा’ म्हणायची. आठ वर्षं ट्रक दुरुस्त केले: टेक्सासात, जर्मनीत आणि शेवटी १९९१ साली सौदीच्या वाळूत. तेव्हापासून कानात शिट्टी वाजते ती अजून थांबलेली नाही. तिचं १० टक्के डिसॅबिलिटी रेटिंग (सेवेमुळे आलेलं अपंगत्व) आहे, म्हणजे व्हीएच्या आठ प्रायॉरिटी ग्रुपांत (पहिल्याचा नंबर सगळ्यात आधी) मी तिसऱ्या ग्रुपात.

जून २०१९मध्ये मी ६५चा झालो. बायको म्हणाली, पार्ट बीचा अर्ज भरून टाका. तिचा भाऊ न्यू जर्सीत सीपीए, म्हणजे तिकडचा सीए, आहे. तो म्हणाला, “दाजी, महिन्याला १३५.५० डॉलर कशाला घालवता? व्हीए तुम्हाला जवळजवळ फुकट आहे. सरकारनं तुम्हाला शब्द दिलाय.” खरं सांगतो, मला पैशाचं काही नव्हतं. ते शेवटचं वाक्य गोड लागलं. फौजीला ‘सरकारनं शब्द दिलाय’ एवढं ऐकवा, तो घर लिहून देईल. मी अर्ज भरला नाही.

पुढं कोविड आला. व्हीएचा दवाखाना घरापासून दीड तासावर. सप्टेंबर २०१९मध्ये एकदा जाऊन आलो, मग टाळत गेलो. गोळ्या संपल्या तर दुकानातून घ्यायच्या. फोनवर डॉक्टर भेटत होते, तेही टाळलं.

नोव्हेंबर २०२१मध्ये, दिवाळीत, लेकीकडे न्यू जर्सीला होतो. पाडव्याच्या रात्री छातीत धरलं. घाम फुटला. जावयानं गाडी काढली, जवळच्या हॉस्पिटलात नेलं. दोन रात्री ठेवलं, सगळ्या तपासण्या केल्या, निघालं पित्त. मी घरी येऊन हसत सगळ्यांना सांगितलं की चकलीनं मारलं असतं. महिन्याभरानं बिल आलं, ११ हजार डॉलरच्या वर.

मला वाटलं, पार्ट ए आहे की. दोन रात्री हॉस्पिटलात झोपलो ना? तर नाही. मला अ‍ॅडमिट केलंच नव्हतं. ‘ऑब्झर्व्हेशन’खाली ठेवलं होतं. खाट तीच, नर्स तीच, सलाइन तेच, पण कागदोपत्री मी बाहेरचा पेशंट. बाहेरचा पेशंट म्हणजे पार्ट बी, आणि तो माझ्याकडे नव्हता. हे सांगणारा कागद त्यांनी दिला होता. त्याला ‘मून’ म्हणतात, चोवीस तासांपेक्षा जास्त ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवलं तर तो द्यावाच लागतो. मी त्यावर सही केली होती. न वाचता.

मग व्हीएचा विचार केला. बाहेरच्या इमर्जन्सीचे पैसे व्हीए देते, पण ७२ तासांच्या आत त्यांना कळवावं लागतं आणि मागच्या २४ महिन्यांत व्हीएकडून काहीतरी उपचार घेतलेले असावे लागतात. कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि माझी शेवटची भेट होऊन २६ महिने झाले होते. दोन्हीकडून मीच नापास. बिलाच्या खात्याशी चार महिने फोनवर भांडून ७,४०० डॉलरवर मिटवलं.

मार्च २०२२मध्ये पार्ट बीचा अर्ज केला. मुदत हुकली की वर्षातून एकदाच दार उघडतं, १ जानेवारी ते ३१ मार्च. तेव्हाच्या नियमानं संरक्षण जुलैपासून सुरू झालं. (२०२३पासून अर्जाच्या पुढच्याच महिन्यापासून होतं, तेवढं बरं केलं.) आणि दंड: उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १० टक्के. माझे ३० महिने झाले होते, म्हणून दोन वर्षांचा, २० टक्के. हा दंड एकदा भरून सुटत नाही, पार्ट बी आहे तोवर हप्त्याला चिकटून राहतो आणि हप्ता वाढला की तोही वाढतो. २०२५चा हप्ता १८५ डॉलर होता, मी २२२ भरले. २०२६ला तो २०२.९० झाला.

आता मेहुण्याचं गणित. दर गणपतीला तो ते मांडतो. जून २०१९ ते जून २०२२ पार्ट बी घेतला नाही, म्हणून ५,४८६ डॉलर वाचले. २०२५ संपेपर्यंत दंड गेला दीड हजाराच्या आसपास. “म्हणजे दाजी, तुम्ही अजून चार हजारांनी वर आहात.” हप्त्यापुरतं त्याचं गणित बरोबर आहे, मीही कागदावर मांडून बघितलंय. त्यात बिलाचे ७,४०० घातले की तो म्हणतो, “ती तुमची चूक, व्हीएत जात राहिला असता आणि फोन केला असता तर व्हीएनं दिले असते.” हेही खरं. पण छातीवर हात धरून गाडीत बसलेल्या माणसाला ७२ तासांचं गणित सुचत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे आणि इतकी वर्षं झाली, तो मान्य करत नाही.

तुमच्या मिस्टरांचं बोलायचं तर एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. इकडचे लोक व्हीएला भारतातल्या ईसीएचएससारखं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेसारखं, समजतात. माझ्या चुलतभावाकडे ईसीएचएसचं कार्ड आहे, ते पेन्शनवाल्यांना मिळतं. इथं तसं काही असेल तर ते ‘ट्रायकेअर फॉर लाइफ’, साधारण वीस वर्षं सेवा करून निवृत्त झालेल्यांना, आणि त्यालाही पार्ट बी लागतोच. चार किंवा आठ वर्षांवाल्यांना ते नाही. आपल्याला व्हीए, आणि व्हीए हा विमाच नाही. ती दवाखान्यांची व्यवस्था आहे. अमेरिकेची संसद दरवर्षी पैसे देते त्यावर ती चालते. २००३च्या जानेवारीत जास्त उत्पन्न असलेल्या आठव्या ग्रुपाची नवी नोंदणी थांबवली होती. तुमचे मिस्टर कुठल्या ग्रुपात आहेत ते पत्रात बघा. ५० टक्के किंवा जास्त रेटिंग असेल तर पहिला ग्रुप, तिथं काळजी कमी. सात-आठ असेल तर व्हीएच्या भरवशावर झोपू नका.

मेडिकेअर आणि व्हीए एकमेकांशी बोलत नाहीत, हेही लक्षात ठेवा. व्हीएच्या दवाखान्यात मेडिकेअर दमडी देत नाही. बाहेर मेडिकेअरवर गेलात तर उरलेले २० टक्के व्हीए देत नाही. त्या २० टक्क्यांसाठी मेडिगॅप, म्हणजे खासगी कंपनीचा पुरवणी विमा. पार्ट बी सुरू झाल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत कंपनीला आजारपणं बघून नाही म्हणता येत नाही, नंतर बहुतेक ठिकाणी येतं. मी त्यातला प्लॅन जी घेतला.

औषधांचा पार्ट डी सोडला तरी चालेल. व्हीएची औषधं त्या तोडीची धरतात, पुढं कधी घेतला तर दंड नाही. कानाची मशिनंही व्हीएकडूनच घ्या, मेडिकेअर ती देत नाही. माझी दोन्ही तिथलीच.

अ‍ॅडव्हान्टेजबद्दल माझं मत विचाराल तर टीव्हीवर झेंडा आणि सॅल्यूट दाखवणारी जाहिरात लागली की मी चॅनल बदलतो. ‘व्हेटरनसाठी खास, पार्ट बीचे पैसे परत.’ का परत देतात? कारण तुम्ही व्हीएत गेलात की त्यांचा खर्च वाचतो, सरकारकडून महिन्याचे पैसे मात्र त्यांना मिळतच राहतात, आणि व्हीए त्यांच्याकडून ते वसूल करू शकत नाही. म्हणून कुठला बरा हे मी सांगणार नाही. ज्यांना घराजवळच्याच डॉक्टरांकडे जायचंय आणि हप्ता परवडत नाही त्यांना तो सोयीचा पडतो, हे मान्य.

पुण्याचं मात्र नीट ऐका. मेडिकेअर भारतात चालत नाही. व्हीए परदेशात फक्त सेवेमुळे झालेल्या दुखण्याचे पैसे देते, म्हणजे माझ्या कानाचे देईल, पित्ताचे नाही. मेडिगॅपच्या जीसारख्या काही प्लॅनांत परदेशातल्या इमर्जन्सीचे ८० टक्के मिळतात, २५० डॉलर आपण भरल्यावर, तेही प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, आणि आयुष्यभरात मिळून ५० हजारांपर्यंत. तुम्ही पाच महिने राहणार, म्हणजे वेगळा विमा काढूनच विमानात बसा. अ‍ॅडव्हान्टेजवाले सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर काढून टाकतात.

मेहुणा गेल्या वर्षी ६५चा झाला. नोकरी सोडली होती. मुदत सुरू झाली त्या पहिल्याच महिन्यात त्यानं पार्ट बीचा अर्ज भरला. मी विचारलं, आता का रे? म्हणाला, “दाजी, मला कुठं व्हीए आहे?”

ता.क. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. तुम्ही किंवा मिस्टर अजून नोकरीत असाल, कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील आणि विमा त्या चालू नोकरीवरचा असेल, तर पार्ट बीची घाई नाही. नोकरी सुटल्यावर आठ महिने मिळतात, दंड नाही. कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून चालू ठेवलेला कंपनीचा विमा, त्यात धरत नाहीत. आणि एचएसएत (आरोग्य खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात) पैसे भरत असाल तर पार्ट ए सुद्धा विचार करून घ्या, दोन्ही एकत्र चालत नाहीत, आणि ६५ नंतर उशिरा घेतला तर तो मागच्या सहा महिन्यांपर्यंत लागू करतात. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची फुकट सल्ला देणारी सोय आहे, तिथं फोन करून मिस्टरांचं नेमकं विचारा. मी गाड्यांचा मेकॅनिक.