वाचकांचे प्रश्न : मुंबई शहरातली माणसे कुठे गेली?

मागील अंकातील एका टिपणात, २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली, असा उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी रोज डोंबिवलीहून लोअर परळला नोकरीसाठी जातो. गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि स्थानकाबाहेरही माणसांची रीघ लागलेली असते. अशा शहराची लोकसंख्या घटली, यावर विश्वास कसा ठेवावा? आकड्यांत काही गफलत तर नाही ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गफलत नाही. जनगणना माणसाला तो राहतो तेथे मोजते, नोकरी करतो तेथे नाही. आपण दिवसाचे दहा-अकरा तास मुंबईत काढत असलात, तरी आपली नोंद ठाणे जिल्ह्यात होते. शिवाय ‘मुंबई’ म्हणताना आपण कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतचा सगळा पसारा डोळ्यांसमोर आणतो. पण घट झाली ती कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ बेटाची, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याची. या जिल्ह्यात २००१ मध्ये ३३,३८,०३१ माणसे राहत होती. २०११ मध्ये ती ३०,८५,४११ झाली. त्याच दहा वर्षांत मुंबई उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेला आणि पालघर वेगळा होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोहोचला. १९७१ मध्ये बेटावर ३० लाख ७० हजार आणि उपनगरांत २९ लाख अशी जवळपास बरोबरी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे चाळीस वर्षांत तोल किती कलला ते कळते. २०११ मध्ये लोकसंख्येच्या घनतेतही उपनगर जिल्ह्याने शहराला मागे टाकले होते.

ही घट सगळीकडे सारखी नाही. महापालिकेच्या जी दक्षिण विभागात, म्हणजे वरळी, प्रभादेवी आणि आपले लोअर परळ या भागात, ४,५७,९३१ माणसे होती ती ३,७७,७४९ झाली. बेटावरून जी अडीच लाख माणसे कमी झाली, त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा या एकट्या विभागाचा आहे. काळबादेवी-भुलेश्वरच्या सी विभागात शंभरातली अठरा माणसे कमी झाली. वाढ दिसते ती केवळ दोन विभागांत : धारावी ज्यात येते तो जी उत्तर आणि शीव-वडाळ्याचा एफ उत्तर, आणि तीही अल्पच.

तेव्हा आपण जी गर्दी पाहता ती या घटीला खोटे ठरवत नाही. उलट ती तिचाच परिणाम आहे. गिरणीचा कामगार भोंगा झाला की चाळीतून चालत कामावर जात असे. त्याच जागी आता कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांत काम करणारा माणूस कल्याण, डोंबिवली, विरार, नालासोपाऱ्याहून येऊ लागला. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांना जोडणारा अरुंद पूल मात्र तसाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. ज्या विभागातून दहा वर्षांत ऐंशी हजार माणसे राहायला म्हणून निघून गेली, त्याच विभागाच्या दारात माणसे गर्दीने चिरडून मेली, ही गोष्ट ‘मुंबईची गर्दी आता कमी होते आहे’ असे समाधानाने सांगणाऱ्यांनी विसरू नये.

प्रश्न : आमचे वडील गिरणीत साच्यांवर होते. ८२ च्या संपाने गिरणगाव उठले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. केवळ संप हेच कारण म्हणावे काय? की कुटुंबे लहान झाल्याचाही त्यात वाटा आहे? (एक वाचक भगिनी, परळ)

उत्तर : संपाने कामगाराची रोजी गेली, यात वाद नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. परंतु रोजी जाणे आणि राहती खोली सुटणे या दोन घटनांमध्ये बऱ्याच वर्षांचे अंतर आहे. जनगणनेचे आकडे त्याला दुजोरा देतात. १९८१ ते १९९१ या संपाच्या दशकात बेटाची लोकसंख्या सुमारे एक लाख दहा हजारांनी कमी झाली. पुढच्या दशकात ती पुन्हा वाढली. आणि खरी मोठी घट त्यानंतर, २००१ ते २०११ मध्ये, अडीच लाखांची झाली. काम गेल्यावरही बहुसंख्य कुटुंबे खोली धरून राहिली होती. भाडे नाममात्र होते, घरातल्या बायका खानावळीचे डबे करीत, पापड लाटीत, मुले मिळेल त्या नोकरीला लागत. माणसे हलली ती जमिनीला भाव आल्यावर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकसित करताना त्यांचे साधारण तीन वाटे करायचे होते : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये हा नियम बदलला आणि वाटणीसाठी गिरणीची सगळी जमीन न धरता केवळ आधीपासून रिकामी असलेली जमीन धरायची, असे ठरले. गिरणीच्या आवारात शेड, गोदामे, चिमण्या यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. त्यामुळे वाटणीला आलेला तुकडा फारच लहान झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये हा बदल ग्राह्य धरला. सुमारे सहाशे एकरांचा हा प्रश्न होता. आमच्या मते गिरणगावच्या वस्तीचा निकाल संपापेक्षा या एका दुरुस्तीने अधिक लावला, कारण घरांसाठी जी जमीन सहज मिळू शकत होती ती तिने हातची घालवली. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्जदारांची संख्या दीड लाखाच्या घरात होती. पुढे कामगारांना शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ करण्यात आली, म्हणजे ज्याने आयुष्यभर लालबागहून चालत गिरणी गाठली, त्याच्या वारसाने कर्जतच्या गाडीने यावे, अशी ती योजना आहे.

गिरण्यांच्या पलीकडे, गिरगाव-काळबादेवीत कारण निराळे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला आधार मिळाला, पण त्या भाड्यात मालक दुरुस्ती करीना. इमारती खचू लागल्या, कोसळू लागल्या, म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आणि उपकराची व्यवस्था आली. त्या वेळी उपकरप्राप्त इमारती, म्हणजे दुरुस्तीसाठी हा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती, १९,६४२ होत्या. धोकादायक ठरलेल्या इमारतीतील भाडेकरूंना संक्रमण शिबिरात हलवले जाई, आणि ही शिबिरे बहुतेक उपनगरांत. ‘तात्पुरते’ म्हणून गेलेल्या कित्येक कुटुंबांची दुसरी पिढी तेथेच वाढली. ज्यांची इमारत पुन्हा उभी राहिली, त्यांतल्या अनेकांना नव्या उंच इमारतीचा मासिक देखभाल खर्च झेपला नाही. भावाभावांत वाटणी करायची तर खोली एक आणि वारस चार. ती विकून आलेल्या पैशांत डोंबिवलीत किंवा वसईत दोघांची घरे होत. या हिशेबात त्यांचे काही चुकले, असे आम्हांला वाटत नाही.

एका खोलीचे उदाहरण घ्या. बीडीडी चाळीतील, म्हणजे ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या चाळीतील, खोली १६० चौरस फुटांची, एका इमारतीत अशा ८० खोल्या. एका खोलीत पाच-सहा माणसे धरली तरी एका इमारतीत चार-साडेचारशे माणसे होतात. गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या गड्यांनी मिळून राहायच्या, खोल्यांत तर याहून दाटी : भिंतीवर टांगलेल्या ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या, आणि रातपाळीचे गडी परतले की त्यांनी दिवसपाळीवाल्यांच्या जागी अंग टाकायचे. अशा जागी जेव्हा बाराशे-पंधराशे चौरस फुटांची घरे होतात, तेव्हा बांधकाम कितीही वाढले तरी माणसे तितकी मावत नाहीत. त्यातही काही घरे गुंतवणूक म्हणून घेतलेली आणि कुलूप लावलेली असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील महानगरांपैकी सर्वाधिक रिकामी घरे, ४ लाख ८० हजार, बृहन्मुंबईत होती.

कुटुंबे लहान झाली हेही खरे आहे. राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ पर्यंत खाली आला होता. परंतु जननदर कमी झाल्याने एका विभागातील १८ टक्के माणसे दहा वर्षांत कमी होत नाहीत. पुढील काळात मात्र हे कारण बळावेल.

प्रश्न : मुंबईतून गेलेले चाकरमानी कोकणात परतले, असे समजावे काय? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : काही निवृत्त कामगार अवश्य परतले, पण त्यांनी गावे भरली नाहीत. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गचीही सुमारे दोन टक्क्यांनी घटली. राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे हे तीनच : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. पूर्वी कोकणातला तरुण लालबाग-परळात काकाच्या किंवा मामाच्या खोलीवर उतरे. आता तो थेट नालासोपारा, दिवा किंवा पुण्याची वाट धरतो. आपल्याच गावातील गेल्या वीस वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांचे पत्ते विचारून पाहावेत.

प्रश्न : अमेरिकेतील डेट्रॉईट शहर लोकसंख्या घटत गेल्याने दिवाळखोर झाले. तेथे जवळच राहणारा माझा भाऊ म्हणतो, मुंबईचेही तेच होणार. हे कितपत खरे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्हीकडे आरंभ कारखाने जाण्यापासून झाला, एवढेच साम्य आहे. डेट्रॉईटमध्ये १९५० साली साडेअठरा लाख माणसे होती. मोटारींचे कारखाने बाहेर गेले, गोऱ्या मध्यमवर्गाने उपनगरे गाठली, आणि २०१० पर्यंत संख्या ७ लाख १४ हजारांवर आली. माणसे गेली तशा घरांच्या किमती कोसळल्या, मालमत्ता कर आटला, पण रस्ते, दिवे, जलवाहिन्या मात्र पूर्वीच्याच पसाऱ्याच्या सांभाळायच्या होत्या. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. मुंबईत माणसे कमी झाली तरी जमिनीचे भाव चढतेच राहिले. किंबहुना भाव चढले म्हणून माणसे कमी झाली. तेथे ओसाड घरे पाडायला पैसा नव्हता, येथे राहती घरे पाडायला विकासक रांगेत उभे असतात. त्यामुळे महापालिकेच्या तिजोरीची काळजी तूर्त करू नये. झळ लागते ती शहराबाहेर ढकलल्या गेलेल्या माणसाला आणि ज्या नगरपालिकांवर त्याचा भार पडतो त्यांना : पाणी, सांडपाणी, कचरा, रुग्णालये. मुंबईने वाढवलेला खर्च मुंबईच्या ताळेबंदात दिसत नाही, हा फरक आपल्या बंधूंना कळवावा.

प्रश्न : गिरगावातील आमच्या शाळेत एकेकाळी एका इयत्तेच्या चार-चार तुकड्या असत, आता एक तुकडी भरणे कठीण झाले आहे. वस्ती घटल्याचे आणखी कोणते परिणाम झाले आणि त्यावर काही उपाय होत आहे काय? (निवृत्त शिक्षक, गिरगाव)

उत्तर : शाळेची पटसंख्या हा पहिला परिणाम, कारण लहान मुलांची तरुण कुटुंबेच आधी बाहेर पडतात आणि मागे वृद्ध राहतात. इंग्रजी माध्यमाची ओढ हे कारण त्याच्या जोडीला आहेच, त्यामुळे मराठी शाळांवर दुहेरी घाव बसला. वाचनालये, व्यायामशाळा, भजनी मंडळे, खानावळी यांचेही तेच झाले. गणेशोत्सव मंडळे तगून आहेत, पण त्यांचे बरेच कार्यकर्ते आता दहा दिवस बोरिवली-बदलापूरहून येतात.

कमी बोलला जाणारा परिणाम राजकीय आहे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेपूर्वी बेटावर विधानसभेच्या १७ जागा होत्या आणि उपनगरांतही १७. २००९ च्या निवडणुकीपासून बेटावर १० आणि उपनगरांत २६ झाल्या. गिरगावचा ऑपेरा हाऊस, खेतवाडी, परळ, नायगाव, दादर ही मतदारसंघांची नावे त्यात पुसली गेली. माणसांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळावे, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु मोडकळीला आलेल्या हजारो इमारतींचा प्रश्न ज्या भागात आहे, त्याचा विधानसभेतील आवाज त्यामुळे क्षीण झाला.

उपायाच्या दृष्टीने पाहण्याजोगा प्रयोग बीडीडी चाळींचा आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळी म्हाडा पुन्हा बांधत असून जुन्या रहिवाशाला त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर द्यायचे आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. संक्रमण शिबिराच्या जुन्या वाटेपेक्षा ही वाट बरी, यात शंका नाही. मात्र घर मिळणे आणि त्यात टिकून राहणे वेगळे : ठरावीक वर्षांनंतर घर विकण्याची मुभा मिळाली आणि देखभालीचा खर्च वाढला, की गिरगावात घडले ते वरळीत घडू शकते. २०११ नंतर जनगणना झालेली नाही. ती २०२७ मध्ये व्हायची आहे. तिचे विभागवार आकडे प्रसिद्ध झाले की जी दक्षिण आणि सी हे दोन विभाग आधी पाहावेत, आणि त्यांतही ० ते ६ वयोगटाचा रकाना. आपल्या शाळेत पुढील दहा वर्षांत किती मुले येतील, त्याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.