पावसाळ्यातलं बाळ आणि कापडी डायपर

अगं, महागडा संच एकदम घेऊ नकोस. मी घेतला, अर्धा कपाटातच राहिला. बाळ जुलैत येणार, म्हणजे गोव्यात खरा प्रश्न वाळवण्याचा! जाड शिवलेले पॅड दोन-दोन दिवस ओलसर राहतात, कुबट वास धरतात. घडीचे सुती लंगोट पंख्याखाली रात्रभरात वाळतात. सुरुवातीला दिवसाला 10-12 लागतात. म्हणून लंगोट 25-30, लंगोटावर घालायची, ओल बाहेर न येऊ देणारी कव्हरं 4-5 पुरेत. आईचं जुनं मऊ सुती लुगडं फाडलंस तर उत्तमच.

नव्या आया हमखास चुकतात त्या जागा:
- नवं सुती कापड न धुता वापरणं. चार-पाच धुण्यांनंतरच ते नीट शोषतं.
- फॅब्रिक सॉफ्टनर. शोषणं कमी होतं.
- मायक्रोफायबर (बारीक कृत्रिम धाग्यांचं शोषक कापड) थेट त्वचेला लावणं.

हेम्प (भांगवर्गीय झाडाच्या धाग्याचं कापड), बांबूचं कापड वगैरे चवथीनंतर, म्हणजे गणपती झाल्यावर बघू.