अ‍ॅप्रन आधी मावशींना

कोल्हापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी रंकाळ्यावर फिरत होतो. नोकरी लागली याचा आनंद झालाच, पण बोलता बोलता तू म्हणालीस, "काका, ऑपरेशन थिएटरात सी-आर्मचं एक्सरे मशीन लागलं की मी आणि सर शिशाचा अ‍ॅप्रन घालतो, बाकीचे तसेच उभे असतात." हे पत्र त्या बाकीच्यांसाठी आहे.

मी तीस वर्षं एक्सरे काढले. माझ्या हातून एक चूक वर्षानुवर्षं होत राहिली. लहान मूल टेबलावर हलायचं, आई घाबरलेली असायची. मग मी दारातून मदतनीस मावशींना हाक मारायचो, "मावशी, या जरा." मावशी पदर खोचून यायच्या, बाळाचे दंड घट्ट धरायच्या आणि मी काचेमागं जाऊन बटण दाबायचो. अ‍ॅप्रन भिंतीवर तसाच लटकलेला. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "साहेब, फोटो काढताना तुम्ही आत का पळता?" मी म्हणालो, "बटण तिकडं आहे म्हणून." खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. ते उत्तर मला अजून टोचतं.

छातीच्या एका फोटोत पेशंटला जेमतेम 0.02 ते 0.1 मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं माप) मिळतं, धरणाऱ्याला त्याहून बरंच कमी. पण पेशंट रोज बदलतो, मावशी त्याच असतात. त्यांना किरणांची मात्रा मोजणारा बॅज नाही, म्हणजे त्यांच्या वाट्याला किती आलं याची नोंदच नाही. आपल्याला, म्हणजे किरणांत काम करणाऱ्यांना, पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. मावशी मात्र सामान्य माणसांत धरायच्या, त्यांच्यासाठी वर्षाला 1. म्हणून मूल धरायला नातेवाईक घे. बाई असेल तर गरोदर नाही ना हे आधी विचार. धरणाऱ्याला अ‍ॅप्रन घाल आणि हात थेट किरणांत येऊ देऊ नकोस. तुमच्या स्टाफला या कामाला जुंपायचं नाही.

ऑपरेशन थिएटरात सगळ्यांना वाटतं, मशीन आपल्याकडं तोंड करून नाही म्हणजे झालं. तसं नसतं. आपल्या अंगावर जे येतं ते मुख्यतः पेशंटच्या अंगावरून विखुरलेलं. हे पुस्तकातून सांगू नकोस, गुऱ्हाळाचं सांग. चुलाणापाशी उभं राहवत नाही, चार पावलं मागं सरलं की धग सोसते. इथंही अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथा हिस्सा राहते. किरण जिथून निघतात ती ट्यूब टेबलाखाली ठेवायची. मशीन आडवं करून फोटो घेताना ट्यूबच्या बाजूला कुणी थांबायचं नाही, समोरच्या बाजूला जायचं.

उलटी भीतीही तितकीच पाहिलीय. पोर्टेबल एक्सरे मशीन घेऊन वॉर्डात गेलो की सिस्टर बाहेर धावायच्या आणि नंतर खिडक्या उघडायला लावायच्या. एकीनं तर फोटो झाल्यावर बाळाला हात लावायला नकार दिला. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? बटण सुटलं की किरण संपले, हवेतही नाहीत आणि बाळातही नाहीत. हे त्यांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं, मग त्यांची चूक कशी म्हणायची?

अजून एक नाजूक गोष्ट आहे. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, अशी आपल्याकडं रीत आहे. नेमके तेच दिवस जपायचे असतात आणि सिस्टर गुपचूप सी-आर्मपाशी उभी असते. तू बाई आहेस, तुझ्याकडं त्या मोकळेपणानं बोलतील. एवढंच सांग की दिवस राहिल्याचं कळवलं की पुढच्या काळात गर्भासाठी 1 मिलिसिव्हर्टची मर्यादा लागते, कामाची जागा तशी बदलून घेता येते आणि यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

तुझा स्वतःचा मात्रा मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत लाव. घरी नेऊ नकोस, कोटासकट एक्सरे रूममध्ये टांगू नकोस. माझा एकदा तसाच राहिला आणि तिमाहीच्या रिपोर्टात भलताच आकडा आला. मग लेखी खुलासे देत बसलो. तुलनेसाठीचा कंट्रोल बॅज किरणांपासून लांबच्या खोलीत ठेवायचा, तो चुकला तर सगळ्यांचेच आकडे चुकतात.

अ‍ॅप्रन घडी घालून कपाटात कोंबलेले दिसले तर आधी ते बाहेर काढ. घडीवर शिसं तडकतं आणि वरून काही कळत नाही. एकेक करून सी-आर्मखाली धरून बघ. भेग दिसली तर मापासकट रजिस्टरात लिही आणि सुरक्षा अधिकाऱ्याची सही घे. त्यातला चांगला, हलका एक मावशींच्या उंचीचा बाजूला काढून ठेव. त्या आल्या की तू स्वतः मागून पट्टा बांध, त्यांना आपला आपण जमत नाही.

पुढच्या रविवारी घरी ये, काकू वाट बघते. येताना मावशी काय म्हणाल्या ते सांग.

तुझा,
काका