गळका नळ आणि रावेतचा फ्लॅट

“मॅडम, घर बदलावं की कर्ज काढून आहे तेच नीट करावं?” हा प्रश्न घेऊन इतकी जोडपी येतात की हातातली फाइल बघूनच मी ओळखते. फायलीत एकीकडे बिल्डरची रंगीत पुस्तिका, दुसरीकडे इंटिरिअरवाल्याचं कोटेशन. मी समुपदेशक, घरांची सल्लागार नाही, हे सांगूनही लोक बसतात. त्यांच्यासाठी एका जोडप्याची ही हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून.

पुण्यातली नारायण पेठ, जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वन बीएचके, मुलगी दहावीत. बायकोला पिंपरी-चिंचवडकडे, रावेतला टू बीएचके हवा, नवऱ्याला हेच घर नव्यासारखं करून हवं. वाद सहा वर्षांचा.

पहिल्या भेटीत त्याने लॅपटॉपच उघडला. “७० लाखांचा फ्लॅट. मुद्रांक शुल्क अधिभारांसकट ७ टक्के, नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी. म्हणजे ८ लाख ७० हजार नुसते कागदांवर! तेवढ्यात घराचं नूतनीकरण होतं.”

“आणि उद्या सोसायटी पुनर्विकासाला गेली की तुमच्या नव्या टाइल्स जेसीबीखाली,” ती म्हणाली. “५१ टक्के सभासद तयार झाले की संपलं.”

हिशेब दोघांचेही बरोबर होते. अशा वेळी मी आकडे बाजूला ठेवते. आकड्यांनी सुटणारा प्रश्न असता तर सहा वर्षं लागली नसती.

“घरात सध्या रोजचा त्रास कशाचा आहे?” मी विचारलं. बाथरूमचा नळ चार वर्षं गळतोय, असं कळलं. खाली बादली. थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून तिने बादलीत जुनं फडकं टाकलेलं. पहाटे उठून तो बादली रिकामी करतो.

“प्लंबर का नाही बोलावला?”

“एवीतेवी सगळं फोडायचंच आहे,” तो म्हणाला.

“एवीतेवी जायचंच आहे,” ती म्हणाली. दोघांची उत्तरं एकाच वेळी आली.

मी गृहपाठ दिला: पंधरा दिवसांत नळ दुरुस्त करायचा, तोवर घराबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. पुढच्या भेटीला नळ गळतच होता. त्याच्या पुढच्यालाही. का, ते मी लगेच विचारलं नाही. तरुणपणी विचारून मोकळी झाले असते; आता थांबता येतं, याचं मला जरा कौतुक वाटतं.

चौथ्या भेटीत ती आपणहून म्हणाली, “प्लंबर आला होता. मीच परत पाठवला.” मग बराच वेळ पर्सच्या चेनशी खेळत राहिली. “नळ नीट झाला, तर का जायचंय ते मी काय सांगू?”

म्हणजे नळ हा तिचा पुरावा होता, आणि ती तो जपत होती.

“काही कारण नाही, नुसतं जावंसं वाटतंय, असं म्हटलं तर?”

“आमच्याकडे असं चालत नाही.” मग त्याच्याकडे वळून, “एकोणीस वर्षं झाली, अजून खिळा ठोकायचा तरी मी विचारते.” तो गप्प झाला.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करणारी. इच्छा आणि हट्ट यांतला फरक हा माझा आवडता विषय. मात्र अनेक घरांत साध्या इच्छेला उभं राहायला जागाच नसते, म्हणून ती ‘झालंच पाहिजे’चा आवाज काढते, हे मला पुस्तकाआधी अशा बायकांनी शिकवलं. ‘मला हवंय’ एवढं निर्धास्त म्हणता आलं, की ‘नाही मिळालं तरी बघू’ हेही म्हणता येतं.

त्याची बाजू सोपी नव्हती. नूतनीकरणाचं कोटेशन त्याने चार वेळा मागवलं होतं, सही एकदाही केली नव्हती. खोदल्यावर निघालं ते असं: वडील कुणाला तरी पतपेढीत जामीन राहिले होते. वसुलीवाले घरी यायचे. “आई त्यांना चहा करायची,” तो म्हणाला, “आणि आम्हाला त्या दिवशी बिनदुधाचा.” त्याला घर दुरुस्त करायचं नव्हतं, कर्ज टाळायचं होतं. ९ लाखांचंसुद्धा.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता फाइल उघडण्याआधी दोन गोष्टी करायला लावते. एक, घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्यासमोर कारण न देता आपली इच्छा सांगायची, आणि ऐकणाऱ्याने हिशेब मांडायचा नाही. दोन, पुढे ढकललेलं एखादं छोटं काम करून टाकायचं. हात अडतो कुठे ते बघा, खरं भांडण बहुधा तिथेच असतं. सोसायटीत पुनर्विकासाचं कुठवर आलंय, हप्ता पगाराच्या कितवा हिस्सा, हे बघायचंच, पण त्यानंतर. आणि घेणं किंवा फोडणं एवढ्या दोनच वाटा असतात, हे कुणी सांगितलं?

यांना तिसरी तिनेच सुचवली. मुलीची दहावी झाल्यावर रावेतला ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून बघायचं, पेठेतलं घर भाड्याने द्यायचं. दलाली फुकट जाईल म्हणून तो कुरकुरला, पण तयार झाला. पुढे काय ठरेल ते त्यांचं.

रावेतला निघण्याआधी तिचा फोन आला. नळ बदलला होता. वीस मिनिटांचं काम, साडेतीनशे रुपये. भाडेकरू येणार म्हणून.