मागवाल्याच्या मुलीनं टेक्स्टाइल घ्यावं का?

प्रश्न : गोळीबार चौकाजवळ आमचे चार पॉवरलूम होते. दोन भंगारात गेले. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. मुलगी बारावी सायन्सला आहे, टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच करतो म्हणते. चीन-बांगलादेशच्या मालानं आमचं वाटोळं केलं. पोरीले त्याच खड्ड्यात कायले ढकलू? – एक पालक, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमचा राग खोटा नाही. बांगलादेशचे बहुतेक तयार कपडे 2011 पासून ड्यूटीविना येतात. चिनी निटेड (होजिअरीसारखं विणलेलं) कापड तर इतक्या स्वस्तात उतरू लागलं की 2024 मध्ये सरकारला काही प्रकारांवर किमान आयात किंमत बांधावी लागली. पण एम्प्रेस 2002 मध्येच बंद पडली, तेव्हा हे काहीच नव्हतं. 1877 ला सुरू झालेल्या त्याच गिरणीनं, इंग्लंडचं लँकेशायर ‘म्यूल’ या जुन्या सूतकताई यंत्राला चिकटून बसलं असताना, नव्या पद्धतीचे रिंग स्पिंडल (कताईच्या चात्या) बसवून विलायती मालाशी टक्कर दिली होती. पुढे मशिनरी जुनी होत गेली. सगळं चीनच्या माथी मारू नका.

मीटरमागे मजुरी घेऊन ग्रे (न रंगवलेलं, कोरं) कापड विणणं, हा धंदा बसला. मुलगी तो करायला निघालेली नाही. डाइंग, टेस्टिंग, दवाखान्याचं आणि फिल्टरचं कापड, यांत शिकलेली माणसं लागतात. त्यासाठी कॉलेजं आहेत: मुंबईचं व्हीजेटीआय, नांदेडचं एसजीजीएस, इचलकरंजीचं डीकेटीई. एमएचटी-सीईटीतून जागा मिळते. फॅशन डिझाइनच्या महागड्या खासगी कोर्ससाठी मात्र कर्ज काढू नका.

एक कडू गोष्ट. बुटीबोरीत पॉलिस्टर धागा बनतो, हिंगणघाटला सूतगिरण्या आहेत, तरी पहिली नोकरी सुरतेला किंवा तामिळनाडूतल्या तिरुपूरला लागू शकते, तीही शिफ्टची. नागपूर सोडायचंच नसेल तर ही ब्रँच नको. हे तिलाच विचारा.

या रविवारी उरलेल्यांपैकी एक माग चालू करा, तिला दोन तास शेजारी उभी ठेवा. तार तुटल्याचं तुम्हाला आवाजावरून कसं कळतं ते सांगा. कापडातला धागा काढून जाळायला लावा: सुताची कागदासारखी राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी. ‘असं का?’ हे तिनं विचारलं, तर फॉर्म भरा. मोबाइल पाहत बसली, तर आपण पुन्हा बोलू.