मिनी अल्बमची पानं का वाकतात, अल्बम का मिटत नाही, आणि बेळगावात सामान कुठे मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला २५ वर्षं होतात, जुन्या फोटोंचा हाताने अल्बम करून द्यायचाय. दोन-तीन पानं करून पाहिली तर कागद होडीसारखा वाकला आणि सगळं जोडल्यावर अल्बम मिटेना. शिवाय सामान इथेच मिळेल की ऑनलाइनच मागवायचं?

सामानाचं आधी सांगून मोकळं होतो. ऑनलाइन मागवावं असं फारसं काही नाही. छापील नक्षीच्या कागदांचा गठ्ठा, सहसा १२ × १२ इंचांचा, तेवढा मागवलात तर पुरे, आणि तोही एकच, म्हणजे रंग एकमेकांशी जुळलेले येतात. बाकीचं गणपत गल्ली, खडेबाजार भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतं: २५० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ए४ कार्डशीट, कण्यासाठी, म्हणजे पानं जिथे जोडली जातात त्या भागासाठी, १८० जीएसएमची कार्डशीट, स्टीलची पट्टी, ९ मिमीचा कटर, डबल साइड टेप. कव्हरसाठी २ मिमीचा करडा पुठ्ठा लागतो, तो स्टेशनरीत नसेल तर सरळ बायंडिंगवाल्याकडे जा. त्याच्या कटिंग मशीनवर मापं देऊन कापूनच आणा. हाताने २ मिमी पुठ्ठा कापताना पट्टी हमखास सरकते आणि कडा तिरकी येते. घरीच कापायचा असेल तर जोर लावू नका, त्याच रेघेवरून सात-आठ वेळा हलका कटर फिरवा, आणि त्याआधी पात्याचं टोक मोडून नवं करा.

आता वाकण्याबद्दल. त्याची कारणं दोन, आणि दोन्ही एकदमच घडतात.

पहिलं, कागदाची ग्रेन. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला बसतात, ती दिशा म्हणजे ग्रेन. ओल लागली की तंतू लांबीला जवळजवळ वाढत नाहीत, जाडीला फुगतात. म्हणजे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला पसरतो आणि वाळताना त्याच दिशेला आखडतो. म्हणून अल्बममध्ये प्रत्येक पानाची, पुठ्ठ्याची आणि अस्तराच्या (कव्हरला आतून लावायच्या) कागदाची ग्रेन कण्याला समांतर हवी. ओळखायची कशी? कार्डशीट न दुमडता नुसती वाकवून बघा, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या. ज्या दिशेने ती निमूट वाकते तिथली संभाव्य घडी ग्रेनला समांतर असते. शंका राहिली तर कोपऱ्याचा चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करा. तो लगेच गोल वळतो, आणि त्या नळीची लांबी म्हणजे ग्रेन.

ए४ कागदात ग्रेन बहुधा लांब बाजूला, २९.७ सेंमीला समांतर असते. (मोठ्या शीटमधून दुकानात कापून दिलेल्या कार्डशीटचा भरवसा नाही, ती तपासाच.) ए४ मधोमध कापला की २१ × १४.८ सेंमीची दोन पानं मिळतात आणि ग्रेन आता १४.८ च्या बाजूला येते. कणा त्याच बाजूला घेतलात, म्हणजे अल्बम आडवा ठेवलात, तर सगळं जुळतं. बहुतेक जण तोच कागद उभा धरतात, कणा २१ च्या बाजूला जातो आणि मग पान कण्यापाशी लाटा मारतं. आडव्या पानाचा आणखी फायदा म्हणजे ४ × ६ इंची फोटो बसूनही एका कडेला चारेक सेंमीची उभी पट्टी उरते. मजकूर तिथे.

दुसरं कारण गोंदातलं पाणी. पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं, पुठ्ठ्यावर कापड चिकटवायला तो उत्तम. पण लॅबमधून आलेल्या फोटोच्या कागदाला पुढून-मागून प्लास्टिकचा पातळ थर असतो. गोंदातलं पाणी फोटोतून बाहेर पडू शकत नाही, सगळं खालच्या कागदात शिरतं, आणि तुमची होडी तयार होते. फोटो, नक्षीचा कागद, फोटोमागची चौकट, हे सगळं डबल साइड टेपवरच घ्या. टेप अगदी कडेला लावू नका, कडेपासून २ मिमी आत. स्वस्त टेपचा गोंद उन्हाळ्यात कडेने बाहेर येतो, त्यावर धूळ बसून काळी रेघ उमटते आणि समोरचं पान त्याला चिकटतं. झटपट चिकटणारे ट्यूबमधले गोंद फोटोच्या आसपासही नकोत, त्यांच्या वाफेने पांढुरकी झाक येते.

अल्बम न मिटण्याचं कारण मात्र निव्वळ हिशेबाचं आहे. एका पानाची जाडी मोजू. २५० जीएसएमचं पान साधारण ०.३ मिमी, दोन्ही बाजूंचे नक्षीचे कागद मिळून ०.४, दोन चौकटी ०.५, दोन फोटो ०.५, वर टेप. झाले २ मिमी. त्यावर दोन्ही बाजूंना फोमचा (स्पंजासारखा जाड) टेप लावून काही उचलून धरलंत की ५ ते ६ मिमी. आणि कण्यापाशी त्या पानाला जागा किती, तर पानाची स्वतःची, ०.३ मिमी! मग अल्बम आ वासून बसणार नाही तर काय.

यावर उपाय म्हणजे घडीचा कणा. कण्यात आधीच पानागणिक एक उभी पट्टी काढायची, दोन पट्ट्यांमध्ये ६ मिमी मोकळी जागा सोडायची, आणि पानं त्या पट्ट्यांना चिकटवायची. आठ पानांचा, म्हणजे १६ बाजूंचा कणा असा होतो: १८० जीएसएमच्या कार्डशीटचे अर्ध्या ए४ चे दोन तुकडे घ्या. उंची १४.८ वरून १४.४ करा म्हणजे कणा पानांबाहेर डोकावणार नाही, आणि रुंदी १८.७ सेंमीवर कापा. डावीकडून खुणा करा: ३ मिमी सोडून २ सेंमी, परत २ सेंमी (ही एक पट्टी, दुमडल्यावर २ सेंमी उंच), मग ६ मिमी जागा, पुन्हा २ आणि २, पुन्हा ६ मिमी. अशा चार पट्ट्या झाल्या की शेवटी ६ मिमी उरतात. दुसरा तुकडा अगदी असाच, फक्त उलटा फिरवून. दोघांच्या ६ मिमीच्या कडा एकमेकांवर चिकटवा. प्रत्येक पट्टी आतून टेप लावून बंद करा. सगळं दाबून मापलं की बूड साधारण ५.२ सेंमी भरतं. साधारण म्हणतो, कारण तुमच्या कागदाची जाडी वेगळी असेल. म्हणून कण्याचा पुठ्ठा घडी तयार झाल्यावर, मापूनच कापायचा.

घड्या पाडायला संपलेली बॉलपेनची रिफिल आणि स्टीलची पट्टी पुरते. रिफिलने जिथे खोबण पडते तिच्या उलट बाजूला कागद दुमडायचा, म्हणजे मागे उठलेली उंचवट्याची रेघ घडीच्या आत जाते. बरेच जण खोबणीच्या आत दुमडतात, मग बाहेरचा थर ताणून तुटतो आणि गडद कागदात पांढरी चीर दिसते. घडी चमच्याच्या पाठीने दाबा.

पान पट्टीला चिकटवताना बुडापासून २-३ मिमी वर ठेवा, नाहीतर उलटताना अडतं. पट्टी पानाच्या एका बाजूला दिसते, तिच्यावर नक्षीचा कागद २० × १३.८ चा लावला की झाकली जाते. आणि एक काटकसर: नक्षीच्या कागदाचा जो भाग फोटोखाली दडणार आहे तो आधीच चौकोन कापून काढून घ्या. चौकटीला १६ × ११ सेंमी लागतात, तर मधून १४ × ९ काढला तरी कळत नाही. कागद वाचतो, जाडीही कमी होते, आणि त्या तुकड्यांतून पुढच्या पानांची लेबलं निघतात.

कव्हरला मी खण सुचवेन. गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे कापडाच्या दुकानात मिळतोच, आणि घरात आईचा जुना चोळखण असेल तर त्याहून चांगलं काय. फक्त खणावर थेट फेविकॉल लावला तर तो विणीतून वर येतो आणि वाळल्यावर चकाकणारे डाग पडतात, ते निघत नाहीत. शिंप्याकडचा इस्त्रीने चिकटणारा पातळ बकरम आणा, खणाच्या मागे इस्त्री करा, मग गोंद बकरमला लागतो, कापडाला नाही. पुठ्ठे: दोन २१.३ × १५.४ चे, एक कण्याचा ५.२ × १५.४. कण्याचा पुठ्ठा आणि कव्हर यांच्यामध्ये दोन्हीकडे ६ मिमी जागा सोडा. ती कमी पडली तर कव्हर मिटताना कापड ताणतं आणि पानं वर उचलली जातात. कापड ५३ × १९.४ सेंमी, म्हणजे चहूबाजूंनी २ सेंमी आत वळवायला. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३-४ मिमी कापड राहू द्या, अगदी लगत कापलं तर कोपऱ्यातून पुठ्ठा दिसतो.

नुसतं बाहेरून कापड लावल्यावर पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकेल. घाबरू नका, आतून अस्तराचा कागद लावला की तो उलटा ताण देतो. दोन्ही थर वाळेपर्यंत वर वजन ठेवा, मध्ये बटर पेपर घाला. उन्हाळ्यात एक रात्र पुरते, पावसाळ्यात पूर्ण दिवस-रात्र. खानापूर, जांबोटीकडे राहत असाल तर जून ते सप्टेंबर कव्हरचं काम काढूच नका. कोरड्या खोलीत फोटो निवडून, मापं काढून ठेवा आणि चिकटवणं ऑक्टोबर-नोव्हेंबरला करा. डिसेंबरसाठी तेवढा वेळ भरपूर झाला.

मूळ फोटो अल्बमात चिकटवू नका, एकही नको. स्कॅन करून प्रती काढा. ४ × ६ चा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर दुप्पट मोठा छापला तरी स्पष्ट येतो. त्या काळातल्या निगेटिव्ह घरात असतील तर फोटोपेक्षा त्याच स्कॅन करून घ्या, त्यांतून जास्त बारकावे निघतात. चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बममध्ये फोटो अडकले असतील तर ओढू नका, वरचा थर सोलून निघतो. दात साफ करायचा फ्लॉस फोटोखाली घालून करवतीसारखा हळूहळू मागे-पुढे करा. नाहीच निघाला तर आहे तिथेच प्लास्टिक उचलून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता मोबाइलने फोटो घ्या.

लग्नातल्या वस्तू घालायचा मोह होतोच. अक्षता नकोत, तांदळाला किडे लागतात. वाळलेला गजरा तपकिरी डाग सोडतो. मुंडावळ्यांचे मोती समोरच्या फोटोत खड्डे पाडतात. घालायच्याच असतील तर मोत्यांसमोरच्या पानावर फोटो ठेवू नका, फक्त मजकूर ठेवा. लग्नपत्रिका मात्र हवीच, आणि मराठी व कानडी दोन्ही छापल्या असतील तर दोन्ही. ती चिकटवण्यापेक्षा पानावर तीन बाजूंनी टेप लावून खिसा करा आणि त्यात सरकवा, बाहेर काढून वाचता येते. पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावलेलं हळद-कुंकू अजून सुटतं, शेजारच्या फोटोला गुलाबी ठसा देतं, तेव्हा ती आधी पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला. मऊ, वास येणारं पीव्हीसी प्लास्टिक नको, ते कालांतराने फोटोला चिकटतं.

मजकुराला पिगमेंट शाईचं ०.५ चं पेन घ्या. जेल पेन चकचकीत कागदावर पुसलं जातं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढून खुणा उठतात. आणि प्रत्येक फोटोखाली नावं लिहा. "मावशीकडचे" असं नाही, पूर्ण नावं आणि गाव. मागच्या रांगेतले लोक कोण हे आता आईला विचाराल तरच कळेल.

सोबत शुभेच्छापत्र करायचं असेल तर पुन्हा तोच ग्रेनचा हिशेब. अख्खा ए४ मधोमध दुमडला तर घडी ग्रेनच्या आडवी जाते आणि चिरते. अर्धा ए४ घेऊन दुमडा, घडी १४.८ च्या बाजूला समांतर येते, स्वच्छ बसते. तयार पत्र १०.५ × १४.८ चं होतं आणि सी६, म्हणजे ११.४ × १६.२ च्या पाकिटात जातं. फोम टेपने काही उंच लावलंत तर पाकीट एक माप मोठं घ्या.